काकू, काय वाचू? काय बघू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत तळमजल्यावर, मीटरच्या खोलीला लागून दोन लोखंडी कपाटं आहेत. त्यांना आम्ही वाचनालय म्हणतो. चावी गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे लोकांचा समज झालाय की आवडीनिवडीही माझ्याकडूनच न्यायच्या असतात. जिन्यात, भाजीवाल्यापाशी, एकदा तर चक्क एका बाराव्याला, तेच तेच प्रश्न येतात. म्हणून एकदाच लिहून ठेवते. मी कराडची, लग्न होऊन इकडे आले. वय साठीच्या पुढे. बाकी उत्तरांत येईलच.

तुमचं सगळ्यात आवडतं पुस्तक कोणतं? एकच सांगा.

‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई टिळकांचं. एकच सांगायचं असेल तर एवढंच, आणि दहा सांगायची असतील तरी पहिलं हेच.

बाई शाळेत गेलेल्या नाहीत. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून. नवरा म्हणजे कवी ना. वा. टिळक. हे गृहस्थ १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि बाईंच्या पायाखालची जमीन गेली. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, मग नवऱ्याकडे परत गेल्या, पुढे स्वतःही ख्रिस्ती झाल्या. दुसऱ्या कोणी हे लिहिलं असतं तर पानापानाला पदर डोळ्यांना लागला असता. लक्ष्मीबाई मात्र स्वतःच्या फजितीचे किस्से सांगावेत तसं सांगतात. सुरुवातीलाच वडिलांच्या सोवळ्याचं वेड येतं. आपण हसत सुटतो, आणि दोन पानांनी लक्षात येतं की त्या घरातली पोरं भीतीने थरथरत होती. हसू आहे तिथेच राहतं, नुसतं घशात अडकतं. १९३४ पासून भागाभागाने पुस्तक आलं तेव्हा बाईंनी साठी ओलांडली होती. भाषा म्हणाल तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून कोणी बोलतंय अशी. मोठ्याने वाचून बघा, कुठेही अडखळत नाही.

हे ‘मोठ्याने वाचून बघा’ काय आहे? तुम्ही सगळ्यांनाच सांगता.

ती माझी एकमेव कसोटी आहे. माझ्या आजीला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते आणि ऑपरेशनला ती शेवटपर्यंत तयार झाली नाही. दुपारी तिला वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. वाक्य वाकडंतिकडं, पल्लेदार, विशेषणांनी लडबडलेलं असलं की आजी सरळ झोपायची. आजी झोपली की पुस्तक नापास. किती मोठमोठे लेखक आमच्या माजघरात घोरण्याच्या आवाजात नापास झालेत, ते सांगत नाही. त्यांच्या नावाने आता पुरस्कार आहेत.

दुसरं म्हणजे सिनेमा. यात्रेला तंबूतला सिनेमा यायचा. आत जायला पैसे नसत, आणि दादा कोंडके असले की मुलींना परवानगीही नसे. पण कनातीला कान लावायला तिकीट लागत नाही. ‘सोंगाड्या’ मी असा दोनदा ऐकला. आतली माणसं कुठे हसतात ते ऐकून पडद्यावर काय चाललं असेल ते आम्ही ठरवायचो. प्रत्यक्ष पाहिला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, तेव्हा कळलं की निम्म्या ठिकाणी आमचा अंदाज दादांपेक्षाही वाह्यात होता.

पु. ल. पहिल्या नंबरवर नाहीत? मराठी असून?

आहेत हो. पण पुलं मी वाचलेले नाहीतच, ऐकलेत. थोरल्या भावाने टेपरेकॉर्डर आणला त्या दिवसापासून ‘म्हैस’ची कॅसेट इतकी वाजली की मधू मलुष्टे आणि ती सुबक ठेंगणी आमच्या नात्यातली झाली. एके ठिकाणी टेप गुंतली होती, तेवढं वाक्य पेन्सिल घालून गुंडाळावं लागलं, आणि अजूनही त्या वाक्याला मला बारीक घरघर ऐकू येते. पुस्तकात वाचतानासुद्धा.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी ‘म्हैस’ देत नाही, ‘अंतू बर्वा’ देते. ‘म्हैस’मध्ये एसटी थांबते आणि बसभर माणसं बोलायला लागतात. मजा पहिल्या मिनिटापासून आहे, कोणालाही कळते. अंतूशेठ मात्र तुसडे आहेत. रत्नागिरीच्या त्या मधल्या आळीत बसून जगाला टोमणे मारतात आणि आपण वाट बघत राहतो की हा म्हातारा कधी तरी मऊ होईल. होतो, अगदी शेवटी, बायकोबद्दल बोलताना. तेव्हाही तो रडत नाही. ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो मला वाटतं अशा जागांसाठी असणार.

नुसतं खळखळून हसायचंय, विचार करायचा नाहीये. काय नेऊ?

डावीकडच्या कपाटात दुसरा कप्पा, द. मा. मिरासदार. भोकरवाडीच्या गोष्टी. नाना चेंगट, बाबू पैलवान, गणामास्तर. एकाला अक्कल नाही, दुसऱ्याला भीती नाही, तिसऱ्याला दोन्ही आहे पण सांगायचं धाडस नाही. एवढ्या भांडवलावर माणसाने आयुष्यभर गोष्टी लिहिल्या.

मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी गावोगाव कथाकथन केलं. आता लोकांना पटत नाही, पण नुसती गोष्ट ऐकायला मंडपात माणसं दाटीवाटीने बसायची. मी कराडला ऐकलंय. मिरासदार सांगताना स्वतः जराही हसत नसत, मास्तराने हजेरी घ्यावी तसा चेहरा. हल्लीच्या विनोदवीरांनी तेवढं एक उचललं तरी पुरे.

‘अशी ही बनवाबनवी’ किती वेळा पाहिलात?

मोजायचं सोडलं तेव्हा तीसच्या वर होते. ‘टीव्हीवर लागला म्हणून थोडा बघितला’ असे धरलेले नाहीत.

या सिनेमाबद्दल सगळे अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्याबद्दल बोलतात, बोलावंच. सचिन पिळगावकरांनी दिग्दर्शन केलं, १९८८ साली आला, गोष्टीचं मूळ ‘बीवी और मकान’ या हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या हिंदी सिनेमात आहे, हेही बऱ्याच जणांना माहीत असतं. पण लेखकाचं नाव विचारा, माणसं छताकडे बघतात. वसंत सबनीस! ज्यांनी ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिलं, ज्या लोकनाट्यातून दादा कोंडके घराघरांत पोचले, तेच हे सबनीस. म्हणजे पुण्याच्या बंगल्यात चार पोरं भाड्यासाठी खोटं बोलतायत, पण त्यांच्या तोंडची भाषा आली तमाशाच्या वगातून. राजा आणि शिपाई यांची बतावणी आठवा, आणि मग धनंजय माने घरमालक सरपोतदारांशी बोलतो तो प्रसंग ऐका. चाल तीच आहे. मोठा माणूस सरळ प्रश्न विचारतो, लहान माणूस वाकडं उत्तर देतो, आणि मोठ्याला वाटतं आपणच शहाणे.

सत्तर रुपयांचंच घ्या. औषध आणणारा माणूस वारला, आणि त्याच्याबरोबर ते सत्तर रुपयेही वारले. ‘गेले’ म्हटलं असतं, ‘बुडाले’ म्हटलं असतं, तर कोणी हसलं नसतं. ‘वारणे’ आपण माणसासाठी वापरतो, तेही आदराने, आवाज खाली आणून. नोटांना तो मान मिळाला. हे दुसऱ्या भाषेत कसं नेणार? माझ्या भाचीचा नवरा तमिळ आहे, त्याला हे समजावताना मी अर्धा तास घालवला. तो शेवटी हसला, पण मला वाटतं दमून हसला.

नाटकातलं काय?

‘वस्त्रहरण’. गंगाराम गवाणकरांनी लिहिलं, मच्छिंद्र कांबळींनी तात्या सरपंच केला, १९८० साली आलं. कोकणातल्या एका गावात द्रौपदीवस्त्रहरणाचं नाटक बसवतायत, बस्स, एवढीच गोष्ट. सुरुवातीला मुंबईत चालेना. मग पुलंनी पाहिलं, कौतुकाचं पत्र लिहिलं, आणि नाटक धावलं ते हजारो प्रयोगांपर्यंत.

माझ्यासाठी ते जरा वेगळ्या कारणाने जवळचं आहे. सासर कुडाळचं. लग्न झालं तेव्हा सासूबाईंचं मालवणी मला अर्धं कळायचं आणि जे कळायचं त्याने मी घाबरायची. ‘आवशीचो घोव’ ऐकलं की वाटायचं, आता माहेरी पाठवतात. नवऱ्याने ‘वस्त्रहरण’ला नेलं. अख्खं शिवाजी मंदिर त्याच शब्दांवर लोटपोट होत होतं. घरी आले ती सासूबाईंना न घाबरता. त्यांना यातलं काही कधी सांगितलं नाही.

टीव्हीवर तुम्हाला काहीच आवडत नाही म्हणे?

हे कोणी पसरवलंय ते मला माहीत आहे, ‘बी’ विंगमधलं आहे.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. आमच्या घरी टीव्ही यायला पुढे बरीच वर्षं जायची होती, पण मे महिन्याच्या सुट्टीत मी गिरगावात मावशीकडे असायची. चाळीत एकच टीव्ही, आणि खोलीत जागा आधी पोहोचणाऱ्याला. ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ मी गॅलरीत उभी राहून, दोन आजोबांच्या मधल्या फटीतून पाहिलं. दिसायचा दिलीप प्रभावळकरांचा एक कान आणि अर्धी टोपी. ऐकू मात्र सगळं यायचं. चिमणरावांचा तो चिरका, गोंधळलेला, स्वतःलाच दटावणारा आवाज आणि त्यावर बाळ कर्व्यांच्या गुंड्याभाऊचा भरदार ठोका. नंतर चिं. वि. जोशींची पुस्तकं वाचली तेव्हा चिमणराव त्याच आवाजात बोलला. आणि हे लिहिणारा माणूस बडोद्यात पाली शिकवणारा विद्वान! गंभीर माणसांनीच विनोद लिहावा असा कायदा करायला हवा.

मग २००१ साली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आलं. पुन्हा प्रभावळकर, यावेळी आबा. प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या लेखनावरून केलेलं, दिग्दर्शन केदार शिंदेंचं. त्यात काहीच घडत नाही. शिऱ्या काहीतरी उद्योग करतो, घरात चहा होतो, आबा डायरी लिहितात. कोणी कोणाला विष घालत नाही, कोणाची स्मृती जात नाही. आमच्या घरी या मालिकेच्या वेळी कुकरची शिट्टी बंद असायची.

आणि हल्लीच्या मालिका?

नाही.

‘चला हवा येऊ द्या’, ‘हास्यजत्रा’ तरी?

बघते. ‘हवा येऊ द्या’त भाऊ कदम नुसते उभे राहिले तरी मला हसू यायचं. पण मी थांबायची ती पत्रासाठी. सागर कारंडे पोस्टमन होऊन यायचे आणि अरविंद जगताप यांनी लिहिलेलं पत्र वाचायचे. तासभर धिंगाणा घातलेली माणसं एकदम गप्प बसून ऐकायची. टीव्हीवर एक माणूस कागद हातात धरून वाचतोय आणि घराघरांत लोक ऐकतायत, हे कथाकथनच की. आमची आजी झोपली नसती.

एकच तक्रार सगळ्याच विनोदी कार्यक्रमांबद्दल. विनोद झाला की मागून जो ‘ढ्यांव’ असा आवाज काढतात तो बंद करा. मला कळलेलं असतं.

गंभीर सिनेमे बघता का? की नुसतं हसणंच?

बघते. ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ दोन्ही जब्बार पटेलांचे, दोन्ही विजय तेंडुलकरांनी लिहिलेले, दोन्ही निळू फुल्यांसाठी बघावेत. मिमिक्रीवाल्यांनी निळूभाऊंचा आवाज इतका स्वस्त करून ठेवलाय की मूळ ऐकल्यावर दचकायला होतं. ‘सामना’तला हिंदुराव कधी ओरडत नाही. साखर कारखान्यांच्या मुलखात वाढलेल्या माझ्यासारखीला तो सूर ओळखीचा आहे, ज्याच्या हातात सगळं आहे तो हळूच बोलतो. आणि समोर डॉ. लागूंचा मास्तर तोच एक प्रश्न विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं? ‘सिंहासन’मध्ये (१९७९) उलटं. तिथे निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस आहेत आणि त्यांचं काम ऐकण्याचं. सिनेमाभर ते सगळ्यांचं ऐकतात. शेवटी त्या ऐकण्याचं जे होतं ते मी सांगणार नाही.

नव्यांपैकी ‘फँड्री’. नागराज मंजुळेंचा, २०१३चा. जब्याचं कुटुंब डुकराच्या मागे धावतंय, शाळेला लागून, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे. डुक्कर निघून जातंय. मी पाहिला त्या थिएटरात लोक हसले. मीही हसले. मग ते हसणं कडेकडेने विझत गेलं, कोणीतरी शेवटी एकटंच हसत राहिलं आणि तेही थांबलं. राष्ट्रगीत पूर्ण होईपर्यंत कोणी खोकलंही नाही. हसण्याबद्दल मला जे काही कळतं त्यातलं बरंचसं त्या एका मिनिटात कळलं.

त्याच माळेतला चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’. संथ आहे, आधीच सांगून ठेवते, नाहीतर मला येऊन बोलता. एका शाहिरावर खटला आहे. सरकारी वकील बाई कोर्टात कलमं वाचून दाखवतात, सपाट आवाजात, श्वासही न घेता. घरी जाऊन स्वयंपाक करतात. कुटुंबाबरोबर विनोदी नाटकाला जातात. त्या नाटकात परप्रांतीयाची टिंगल चालते आणि सगळं प्रेक्षागृह टाळ्या पिटतं. आता त्या टाळ्या नीट ऐका. ‘वस्त्रहरण’ला ऐकलेल्या टाळ्या आणि या टाळ्या एकच आहेत का? मी दोन रात्री झोपले नव्हते. ‘वस्त्रहरण’मध्ये गाव स्वतःला हसतं, एवढं स्वतःला समजावलं तेव्हा झोप लागली.

कानाचं एवढं कौतुक, मग कपाटावर चॅप्लिनचं चित्र कशाला? तो तर मुका!

हा प्रश्न चौथ्या मजल्यावरच्या एका नववीतल्या मुलाने विचारला आणि मी खूश झाले.

‘सिटी लाइट्स’ बघ म्हटलं त्याला. १९३१चा. तोवर बोलपट येऊन चुकले होते, चॅप्लिन हट्टाने मुकाच राहिला. पहिल्याच प्रसंगात पुतळ्याचं उद्घाटन आहे, पुढारी भाषण करतात आणि त्यांच्या तोंडून शब्दांऐवजी पिपाणीसारखा किरकिराट येतो. बोलपटांना मारलेली चपराक! पण खरी गंमत पुढे आहे. आंधळी फुलवाली या भणंगाला श्रीमंत समजते. का? तर मोटारीचं दार बंद झाल्याचं तिने ऐकलं म्हणून. आपल्याला ऐकू येत नाही, तिला येतं. मुक्या सिनेमाची सगळी गोष्ट एका न ऐकू येणाऱ्या आवाजावर उभी आहे. पोराने सिनेमा बघून आल्यावर विचारलं, ‘काकू, तुम्हाला हे कसं दिसलं?’ दिसलं नाही रे.

‘मृत्युंजय’ वाचनालयात का ठेवत नाही?

ठेवलंय. तीन प्रती आहेत, तिन्ही सतत बाहेर असतात. मला स्वतःला ते चढत नाही एवढंच. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण असे सहा जण आपापली बाजू सांगतात, कल्पना मोठी छान. पण डोळे मिटून ऐकलं तर सहाही जण मला एकाच आवाजात बोलताना ऐकू येतात. हे मी एकदा वार्षिक सभेत बोलले. त्यानंतर पार्किंगच्या विषयावर जे झालं त्यापेक्षा मोठं भांडण यावरून झालं. तेव्हा हे माझं मत समजा आणि सोडून द्या.

मुलगा मराठी वाचतच नाही. काय देऊ?

वय दहाच्या आत असेल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. बन्या ‘ट्टॉक्’ करतो तिथे मुलाला स्वतः आवाज काढू द्या, पुढचं पान तो आपणहून उलटतो.

बारा-तेराचा असेल तर प्रकाश नारायण संतांचा लंपन. ‘वनवास’पासून सुरू करा, मग ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. बेळगावकडची ती मराठी, मधूनच कन्नडचा हेल, आणि लंपनचं ते ‘मॅडसारखं’. संत आमच्या कराडच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवायचे. दगड शिकवणाऱ्या माणसाने मुलाचं मन असं लिहावं! २०२४ मध्ये यावर मालिकाही आली. ती आधी दाखवू नका. आधी तुम्ही रोज रात्री चार पानं वाचून दाखवा. ‘वेळ नाही’ म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडे उत्तर नाही.

स्टँडअप बघता का? शिव्या चालतात?

मुलीने मोबाइलवर भाडिपाचे, म्हणजे ‘भारतीय डिजिटल पार्टी’ या यूट्यूब चॅनलचे, व्हिडिओ दाखवले, तिथून सवय लागली. त्यांच्या आईच्या तोंडची वाक्यं मी अगदी तश्शी बोलते हे दाखवण्यासाठीच दाखवले होते, ते बाजूला राहू द्या. मराठीत उभं राहून बोलणारी बरीच पोरंपोरी आता आहेत आणि त्यातली काही खरंच चांगली आहेत. शिव्यांचं काही नाही, कनातीबाहेर कान लावून वाढलेली बाई आहे मी. पण शिवी ठसक्यासारखी आपसूक यावी. वाक्य पडतंय म्हणून टेकू लावल्यासारखी आली की लगेच कळतं.

पुस्तक किती दिवस ठेवता येतं?

पंधरा. पानाचा कोपरा दुमडू नये. हळदीचा डाग ज्याने पाडला त्याने ‘आधीच होता’ म्हणू नये, मी परत घेताना प्रत्येक पान बघते.

काकू, तुम्ही कानाला मशीन लावल्यापासून हे सगळं कसं करता?

विचारलंत ते बरं झालं, बाकीचे माझ्या पाठीमागे कुजबुजतात, आणि पाठीमागचं तर मला मुळीच ऐकू येत नाही.

दोन वर्षं झाली. मशीनमधून माणसांपेक्षा पंखा जास्त ऐकू येतो. टीव्ही खाली अक्षरं लावून बघते, त्यात विनोद अक्षरांत आधी येतो आणि तोंडातून नंतर, म्हणजे मी घरच्यांच्या आधी हसते आणि सगळे माझ्याकडे बघतात. ‘म्हैस’ला अक्षरं लागत नाहीत. मशीन काढून ठेवते, भावाने मोबाइलवर टाकून दिलेली फीत लावते आणि फोन तळहातावर धरते. लोक हसतात तिथे तो थरथरतो. त्या घरघरीच्या वाक्याला मात्र थरथरत नाही, ती घरघर आमच्या कॅसेटची होती.

वाचनालय रोज संध्याकाळी सहा ते साडेसात, सोमवारी बंद. मी आत असते. दार जोरात वाजवा, बेल वाजवून उपयोग नाही.